परदेशातल्या रेंजवर पहिला दिवस : समजलं नाही तर मान हलवू नकोस

तुझा प्रश्न थोडक्यात असा. तू यावल तालुक्यातला, आयटीआय झालेला डिझेल मेकॅनिक, वय २६. कुवेतच्या वाळवंटातल्या एका अमेरिकन कॅम्पवर जनरेटर दुरुस्तीचं काम कंत्राटदार कंपनीमार्फत मिळालंय. जॉइनिंगच्या वेळापत्रकात नवव्या दिवशी ‘रेंज फॅमिलियरायझेशन’, म्हणजे गोळीबाराच्या मैदानाची ओळख, असं लिहिलंय. आजवर हातात धरलेली बंदूक एकच, सारंगखेड्याच्या यात्रेतली फुगे फोडायची छऱ्याची. आई घाबरलीय, मित्र खूश आहेत. तिथे नक्की काय होतं, नेम चुकला तर नोकरी जाते का, आणि जाण्याआधी काही सराव करता येईल का, हे तुला विचारायचंय. तू माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा, म्हणून अरे-तुरे करतो.

नेम चुकला म्हणून कुणाची नोकरी गेलेली मी पाहिली नाही. सांगितलेलं समजलं नव्हतं तरी ‘येस सर, येस सर’ करत मान हलवली, म्हणून गेलेली पाहिलीय. एकदा माझीच जाता जाता राहिली, ते पुढे सांगतो.

माझं म्हणशील तर मी वरणगावचा. पायदळात १७ वर्षं काढली, शेवटची काही वर्षं नव्या पोरांना फायरिंग शिकवण्यात गेली. हवालदार म्हणून बाहेर पडलो आणि मग ७ वर्षं तुझ्यासारखाच कंत्राटी माणूस म्हणून कुवेतला होतो. आधी जनरेटर यार्डात, नंतर रेंजवर टार्गेट वरखाली करणारी यंत्रं सांभाळायला. म्हणजे रेंजच्या दोन्ही बाजू पाहिल्यात, बंदुकीमागची आणि टार्गेटखालची. वडील वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. १९६४ साली उभी राहिलेली ही फॅक्टरी लहान शस्त्रांची काडतुसं बनवते, त्यात ५.५६ मिलिमीटरचंही आलं. कुवेतला तुझ्या हातात रायफल आलीच तर तीही बहुधा ५.५६चीच, कारण आपल्या फौजेच्या इन्सास रायफलचं आणि अमेरिकनांच्या एम-४ रायफलचं काडतूस एकाच मापाचं. तेव्हा घाबरलेल्या आईला सांग, ज्या गोळीची तिला भीती वाटते तशीच गोळी भुसावळपासून हाकेच्या अंतरावर, टिफिन घेऊन कामाला जाणारी माणसं बनवतात.

आता आधी एक काम कर. ‘रेंज फॅमिलियरायझेशन’ म्हणजे काय, ते कंपनीला लेखी विचार. मेकॅनिकला रेंजवर नेण्याची कारणं मी तीनच पाहिली. एक, तुझं कामच रेंजवर आहे. टॉवरचा जनरेटर, रात्रीचे दिवे, टार्गेटच्या मोटारी. अशा वेळी रेंज कशी चालते, लाल झेंडा म्हणजे काय, कुठून आत जायचं आणि कुठून मुळीच नाही, एवढं दाखवतात. बंदुकीला हातही लागत नाही. तुझ्या कागदावरच्या शब्दांवरून मला हेच वाटतंय. दोन, कंपनी सगळ्या नव्या माणसांना शस्त्र सुरक्षित करणं दाखवते आणि पाच-दहा गोळ्या झाडू देते, म्हणजे कुठे बेवारस शस्त्र दिसलं तर माणूस त्याच्याशी खेळणार नाही. तीन, ओळखीचा एखादा सार्जंट सुट्टीच्या दिवशी ‘चल, येतोस का’ म्हणतो. हे तिसरं सगळ्यात गोड आणि सगळ्यात घोटाळ्याचं. तिथे काही लागलं-खुपलं तर ते ड्युटीवर झालं की मौजेखातर, हा वाद कंपनी आणि विमा कंपनी तुझ्या डोक्यावर खेळतात. सार्जंटला राग येऊ न देता नाही म्हणता येतं. ‘माझ्या साइट मॅनेजरची लेखी परवानगी मिळाली की येतो’ म्हण. विषय तिथेच संपतो, मी हे किती वेळा केलं मोजलेलं नाही.

शस्त्राचा आणि तुझ्या हक्काचा संबंधही समजून घे, कारण एजंट हे सांगत नाही. तू सैनिक नाहीस. १९४९च्या तिसऱ्या जिनिव्हा करारात सैन्यासोबत राहून काम करणाऱ्या बिगरसैनिकांची वेगळी नोंद आहे, त्यात माल पुरवणारे कंत्राटदारही येतात. अशा माणसाकडे ओळखपत्र असावं लागतं आणि पकडला गेला तर त्याला युद्धकैद्याचा दर्जा मिळतो. पण लढाईत थेट हात घातला, की त्या काळापुरतं बिगरसैनिक म्हणून असलेलं संरक्षण जातं. रेंजवर कागदाच्या पुतळ्यावर पाच गोळ्या झाडणं म्हणजे लढाई नव्हे, तिथवर काळजी नाही. उद्या कुणी म्हणालं, ‘तुला चालवता येते ना, मग रात्रपाळीला एक जवळ ठेव’, तर मात्र थांब. अमेरिकन लष्कराच्या स्वतःच्या नियमांत कंत्राटी माणसाला शस्त्र बाळगायला वरिष्ठ कमांडची रीतसर परवानगी लागते. सुपरवायझरच्या तोंडी शब्दाला तिथे किंमत नाही आणि कुवेतच्या कायद्यात तर मुळीच नाही. तू जनरेटरवाला आहेस आणि जनरेटरवालाच राहायचंस.

आता रेंज.

सकाळी लवकर नेतील, कधी पहाटे. ऊन आपल्याला नवीन नाही, मे महिन्यातल्या भुसावळात वाढलेल्या माणसाला वाटतं, आपण काय नाही पाहिलं? मलाही वाटलं होतं. कुवेतच्या मित्रिबाह इथे २१ जुलै २०१६ला ५३.९ अंश नोंदलं गेलं आणि जागतिक हवामान संघटनेने ते तपासून मान्य केलं. आपल्याकडे उन्हात निंबाची सावली मिळते, घरात माठ असतो. तिथे सावली म्हणजे पत्र्याची शेड, आणि अंगावर हेल्मेट नि दहा किलोच्या वरचं जाकीट चढवलं की घाम वाळायलाही जागा राहत नाही. आदल्या संध्याकाळपासून पाणी पी. उपाशी जाऊ नकोस. चक्कर येतेय असं वाटलं तर ओळीतून उठायच्या आधी बंदूक खाली ठेव आणि हात वर कर. बंदूक हातात असताना भोवळ आलेला माणूस हा रेंजवरचा सगळ्यात धोक्याचा माणूस.

पोचल्यावर आधी ब्रीफिंग होतं. अर्धा तास एक जण लाउडस्पीकरवर बोलतो आणि तो बोलतो ती इंग्रजी आपल्या जळगावच्या क्लासवाल्या सरांची नसते. शब्द गिळलेले, अर्धे आद्याक्षरांत. शेवटी विचारतो, काही प्रश्न? सगळे गप्प. तू गप्प बसू नकोस. आपल्याकडे मास्तरांनी ‘समजनं का रे?’ विचारलं की सगळा वर्ग ‘हाँ, बठ्ठं समजनं’ म्हणतो, कारण नाही म्हणालं तर मास्तर उभं करतात. ती सवय वरणगावच्या शाळेपासून माझ्या अंगात होती, फौजेतही गेली नाही. तिथे उलट आहे. ‘आय डिड नॉट अंडरस्टँड, प्लीज से अगेन’ म्हणणाऱ्यावर रेंजवाले चिडत नाहीत. न समजता मान डोलवणाऱ्यावर चिडतात, आणि त्यांचं चिडणं बरोबर असतं. इंग्रजी जमत नसेल तर मोडकं बोल, हाताने दाखव, शेजारच्या फिलिपिनो किंवा केरळच्या भावाला विचार. तिथे कुणी हसत नाही.

आता माझी फजिती. पहिल्याच वर्षी आमच्या तुकडीला फॅमिलियरायझेशनला नेलं. मी मनात म्हटलं, मी तर शिकवलेलंय हे सगळं. ब्रीफिंग अर्धंच ऐकलं. पाच गोळ्या झाडल्या, ग्रुपिंग, म्हणजे गोळ्यांच्या भोकांचा पुंजका, झकास, एका चहाच्या कपाखाली झाकेल इतकं. मग टॉवरवरून शस्त्र सुरक्षित करायचा हुकूम आला. मी काय केलं? आपल्या ‘खाली कर’च्या ड्रिलमध्ये हातात जे बसलंय तेच. मॅगझिन काढलं, कॉक करून चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, पाहिलं, ती बंद करणारा बोल्ट पुढे सोडला आणि नळी बटाकडे, म्हणजे टार्गेटमागच्या मातीच्या ढिगाकडे, धरून ट्रिगर दाबला. खट. आपल्याकडे हे बरोबर आहे, स्प्रिंग ढिली होते. त्यांच्या रेंजवर बोल्ट मागे अडकवून ठेवायचा, खटका सेफवर, आणि कुणी येऊन चेंबर तपासेपर्यंत ट्रिगरकडे बोटही न्यायचं नाही. बंदूक रिकामी होती, नळी बरोबर दिशेला होती, तरी हुकुमाविना ट्रिगर दाबला गेला होता. मागे उभ्या असलेल्या सेफ्टीवाल्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला ओळीतून बाहेर काढलं. सगळ्यांच्या देखत. वय ३८, हवालदाराचा रुबाब, आणि पत्र्याच्या शेडखाली शाळेत अंगठे धरायला लावल्यासारखा उभा. रिपोर्ट साइट मॅनेजरकडे गेला. मॅनेजर भला होता, एका लेखी समजेवर भागलं. त्या दिवशी खोलीवर जाऊन मी वहीत त्यांचे सगळे हुकूम देवनागरीत लिहून काढले.

म्हणून तुला कधी काही येत नव्हतं, ही अडचण समजू नकोस. कोरी पाटी बरी. तुझ्याबरोबर कुणी माजी सैनिक, होमगार्ड किंवा शिकारीची बढाई मारणारा असेल तर त्याच्यावर नजर ठेव, चुका तोच करणार.

हुकूम फार नाहीत. रेंज ‘हॉट’ म्हणजे फायरिंग चालू किंवा कुठल्याही क्षणी चालू होईल. ‘कोल्ड’ म्हणजे बंद, पण ‘कोल्ड’ झालं म्हणून आपल्या मनाने पुढे चालत जायचं नाही, तसं वेगळं सांगावं लागतं. ‘डाउनरेंज’ म्हणजे टार्गेटची दिशा, नळी कायम तिकडे. ‘क्लिअर’ म्हणजे तपासलं, रिकामं आहे. हा शब्द तू स्वतःहून उच्चारायचा नाही, तपासणारा उच्चारेल. आणि सगळ्यांचा बाप म्हणजे ‘सीझ फायर’, गोळीबार थांबवा. हा हुकूम रेंजवरचा कुणीही देऊ शकतो. पाणी वाटणारा पोरगा, स्वयंपाकी, तू. वेडंवाकडं काही दिसलं की ओरडायचं. कानांवर झाकणं असल्याने ऐकू येत नाही, म्हणून हाताची खूणही असते : तळवा पुढे करून हात कपाळासमोर वरखाली हलवायचा. ती खूण दिसली की बोट बाहेर, खटका सेफवर, नळी समोर आणि जागच्या जागी थांबायचं. का, कशाला, हे नंतर.

कुवेतला सीझ फायरची कारणं आपल्याला हसू येईल अशी असतात. उंट. बेदुईन, म्हणजे वाळवंटातले भटके अरब, कळप चारत फिरतात, आणि उंटाला लाल झेंडा कळत नाही. एकदा तीस-चाळीस उंट टार्गेटच्या मागच्या टेकाडावरून निवांत चालले होते आणि आम्ही पाऊण तास उन्हात बसलो होतो. माझ्या उजवीकडच्या पोराने सीझ फायर ऐकलंच नाही. इतर थांबले तरी त्याने एक गोळी झाडली. उंटाला लागली नाही, वाळूत गेली. ५.५६ची गोळी तीन किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते, आणि उंटामागे उंटवाला असतोच.

थांबायचा शब्द उशिरा आला तर काय होतं, याची आठवण त्याच वाळवंटात आहे. उत्तर कुवेतच्या उदैरी रेंजवर १२ मार्च २००१च्या रात्री सरावात अमेरिकन नौदलाच्या विमानाने टार्गेट समजून निरीक्षणाच्या ठाण्यावरच बॉम्ब टाकले. सहा जण गेले, पाच अमेरिकन आणि एक न्यूझीलंडचा अधिकारी. ती सगळी कसलेली माणसं होती. बॉम्ब सोडायची परवानगी देणाऱ्याने आणि सोडणाऱ्याने एकमेकांना काय दिसतंय याची खात्री पुरी केली नव्हती. तुझ्या पाच गोळ्यांचा आणि त्याचा संबंध नाही म्हणशील, मला आहे असं वाटतं.

आता कान. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण माझा डावा कान अर्धा गेलाय आणि तो फौजेतच गेला, तेव्हा कापसाचा बोळा कानात घालणारा माणूस भित्रा समजला जायचा. रायफलचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास असतो. १४०च्या वरचा एकच धमाका कानाला कायमची इजा करू शकतो, आणि डेसिबलचा हिशेब सरळ बेरजेचा नाही, दर दहाला आवाजाची शक्ती दहापट होते. फोमचे प्लग देतील, ते नुसते कानाच्या तोंडाशी चिकटवले तर काही उपयोग नाही. बोटांनी वळून वळून वातीसारखा बारीक कर. दुसरा हात डोक्यावरून घेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढ, प्लग आत सरकव आणि फुगेपर्यंत, तीस एक सेकंद, बोटाने दाबून ठेव. बरोबर बसला की स्वतःचाच आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो. वरून कर्णपट्टा मिळाला तर तोही चढव. पण आता तुला हुकूमही ऐकू येणार नाही! म्हणून नजर. दर गोळीनंतर बोट बाहेर काढून एकदा डावी-उजवीकडे पाहायचं. शेजारी थांबलेत का? सेफ्टीवाला काही खूण करतोय का? मान वळवायची, खांदे नाही. खांदे वळले की नळी वळते.

जाण्याआधी जळगाव किंवा धुळ्याला कानाच्या डॉक्टरकडे ऑडिओग्राम, म्हणजे किती ऐकू येतं त्याचा आलेख, काढ. तू जनरेटरवर काम करणार, रेंज असो-नसो कान जाणारच आहेत थोडे. जाण्याआधीचा, तारखेचा, सहीचा रिपोर्ट असला की पुढे नुकसान कधी झालं ते दाखवता येतं. अमेरिकन लष्कराच्या परदेशातल्या कंत्राटांवर काम करणाऱ्यांना १९४१चा ‘डिफेन्स बेस अॅक्ट’ लागू होतो, कामगार कुठल्या देशाचा हे त्यात पाहत नाहीत. इजा झाली तर मालकाला ३० दिवसांत लेखी कळवायचं आणि दावा साधारण वर्षाच्या आत करायचा. तोंडी सांगितलेलं हवेत जातं. आपली माणसं घरी येऊन दोन-तीन वर्षांनी ‘कान वाजतो’ म्हणून माझ्याकडे येतात, हातात कागदाचा एक तुकडा नसतो.

कपडे. बंद गळ्याचा शर्ट किंवा आत टी-शर्ट, गळ्याची गुंडी लावलेली. काडतुसाची रिकामी पुंगळी उजवीकडे उडते आणि उडते तेव्हा तव्यावरून आत्ताच काढल्यासारखी गरम असते. शेजारच्याची पुंगळी तुझ्या कॉलरमध्ये गेली तर? नव्या माणसाचे अपघात होतात ते इथेही. इंगळी डसल्यासारखा माणूस नाचतो, बंदूक हातात असते आणि बोट ट्रिगरवर. भाजू दे. फोड येईल, मलम लागेल. आधी बोट बाहेर, बंदूक समोर, मग शर्ट झटक. टोपीची पुढची कड खाली ठेव, म्हणजे पुंगळी चष्म्यामागे अडकत नाही.

तंबाखू! खिशात पुडी असेल तर खोलीवर ठेवून जा. आपल्या भागात निम्म्या लोकांची दाढ रिकामी राहत नाही, म्हणून सांगतो. काडतुसाच्या टोपीत आणि गोळीत शिसं असतं. झाडताना त्याची धूळ हातावर, मिशीवर, कपड्यांवर बसते. त्याच हाताने चुना मळला की शिसं सरळ पोटात. रेंजवर खायचं-प्यायचं असेल तर आधी हात धू, साबणाने आणि थंड पाण्याने. खोलीवर आल्यावर ते कपडे वेगळे धू, उशीवर डोकं टेकायच्या आधी आंघोळ कर.

बंदूक झाडण्याबद्दल सगळ्यात कमी सांगणार आहे, कारण ते तिथे शिकवतात आणि पाच गोळ्यांत कुणी नेमबाज होत नाही. आधी तुझा जोर कुठल्या डोळ्याचा ते पाहून जा. दोन्ही हातांच्या पंजांनी मध्ये छोटी खिडकी कर, हात लांब करून भिंतीवरचं घड्याळ त्यात धर, एकेक डोळा मिट. ज्या डोळ्याने घड्याळ खिडकीतच राहतं तो तुझा. उजव्या हाताचा माणूस आणि डावा डोळा असेल तर आधीच सांग. दस्ता खांद्याच्या खळग्यात घट्ट, केळीचा घड उचलताना बसवतोस तसा, हाडावर नाही. एम-४चा धक्का फार नसतो, यात्रेतल्या बढाया विसर. श्वास अर्धा सोडून ट्रिगर हळू दाबत जा. चुलीवरचं भरताचं वांगं शिजलं का, हे बोटाने दाबून पाहतोस ना, तेवढ्या अंदाजाने. गोळी सुटल्यावर तू स्वतः थोडा दचकलास तर बरोबर दाबलंस.

पिस्तूल दिलं तर जास्त सावध. नळी वीतभराची, मनगट वळलं की ती शेजाऱ्याच्या पोटाकडे जाते आणि तुला पत्ताही लागत नाही. मागचा हात आणि त्याचा अंगठा स्लाइडच्या, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या, मागे जाऊ देऊ नकोस. स्लाइड मागे येते तेव्हा अंगठ्याजवळची कातडी फाडते, हे मी दर तुकडीत एकदा पाहिलंय.

ट्रिगर दाबला आणि काहीच झालं नाही, तर बंदूक तोंडाकडे वळवून आत डोकावायचं नाही. हसू नकोस, माणसं करतात. नळी समोरच ठेव, मनात तीस मोज, मोकळा हात वर कर. कधी दारू उशिरा पेटते. आणि धमाक्याऐवजी फटाका फुसका निघाल्यासारखा आवाज आला तर लगेच थांब, दुसरी झाडू नकोस. गोळी नळीत अडकलेली असू शकते.

निघताना बंदुकीच्या नळीत सळई घालून तपासतात, मग तुला मोठ्याने म्हणावं लागतं : ‘नो ब्रास, नो अॅमो’. माझ्याकडे पुंगळी नाही, काडतूस नाही. हे पाठ कर आणि खरं म्हण. आपल्या फौजेतही पुंगळ्या मोजून परत द्याव्या लागायच्या, एक कमी पडली तर सगळी कंपनी गवत चाळत बसायची. तिथे तेवढी मोजदाद दिसत नाही, म्हणून पोरं एखादी पुंगळी खिशात टाकतात. ‘घरी शोकेसमध्ये ठेवतो.’ अमेरिकन कमांडचा जो सर्वसाधारण हुकूम कंत्राटी माणसांनाही लागू असतो त्यात दारू आणि खासगी शस्त्र यांच्या बरोबरीने युद्धातल्या वस्तू आठवण म्हणून नेण्यालाही बंदी आहे. जिवंत काडतूस चुकून बॅगेच्या तळाशी राहिलं आणि मुंबई विमानतळावर सापडलं, तर १९५९चा शस्त्र कायदा लागतो आणि सुट्टीचे पंधरा दिवस पोलिस ठाणं, वकील, कोर्ट यांत जातात. रेंजवरचे कपडे न धुता केबिन बॅगेत भरू नकोस. काडतुसाच्या दारूत नायट्रोग्लिसरीन असू शकतं आणि विमानतळावर बॅगेला कापडी पट्टी फिरवून यंत्रात घालतात ते नेमकं असलंच शोधायला. वाळूत पडलेलं लोखंड, तार, डबा, काहीही उचलू नकोस. रेंजवरच्या न फुटलेल्या वस्तूंना कुणी पाटी लावत नाही.

फोटो मात्र मनावर घे. बंदूक घेतलेला फोटो व्हॉट्सॲपवर गेला की तो तुझा राहत नाही. करारात बहुधा बंदी असते, आणि समजा नसली, तरी आज तू कुवेतला आहेस, उद्या तीच कंपनी तुला इराकला पाठवेल. तिथे एखाद्या नाक्यावर कुणी तुझा मोबाइल उघडला तर ‘मी जनरेटरवाला’ हे त्याला पटवायचं कसं? मित्रांना उंटाचा फोटो पाठव.

सरावाचं विचारलंस. एअर रायफल विकत घेऊ नकोस, त्याचा उपयोग नाही. आधी अंगात मुरायला हवं ते ऐकणं आणि थांबणं, आणि ते घरी करता येतं. कानात फोमचे प्लग घाल, पंखा पूर्ण वेगात लाव. बहिणीला दुसऱ्या खोलीतून मधूनच इंग्रजीत हुकूम द्यायला सांग, कधी ओरडून, कधी दारात येऊन नुसती हाताची खूण करून. हातात काठी. समोर भिंतीवर खडूची खूण, काठीचं टोक तिथून हलता कामा नये. ‘सीझ फायर’ला किती वेळात थांबतोस, ते तिने मोजायचं. आणि मधे एखादा हुकूम तिने मुद्दाम पुटपुटल्यासारखा द्यायचा, तेव्हा अंदाजाने काही न करता तू ‘से अगेन’ म्हणायचं. माझ्या पुतण्याने पहिल्या दिवशी त्या पुटपुटलेल्या हुकुमाला सातपैकी सात वेळा मान हलवली होती.

नववा दिवस कुठल्या प्रकारचा आहे याचं कंपनीचं लेखी उत्तर आलं की मला दाखव. येत्या रविवारी सकाळी मी घरीच आहे. वरणगाव स्टँडवर उतरून फॅक्टरीकडे कुठली रिक्षा जाते विचार. येताना प्लगच्या दोन जोड्या आण, मेडिकलवर मिळतात, आणि एक वही. हुकूम देवनागरीत तू स्वतःच्या हाताने लिहायचे आहेत.